यकृताचा मुकादम : एका चिमुकल्या रेणूची कहाणी

"ते तर दारूच्या थेंबालाही शिवत नव्हते, मग त्यांचे लिव्हर कसे गेले?" हा प्रश्न आपल्या वस्त्यांतून, चाळींतून नेहमी कानी पडतो. लिव्हरचा आजार म्हणजे दारूचा आजार, अशी गाठच आपण मनाशी बांधून ठेवली आहे. दारू ही यकृताची वैरीण आहे यात शंका नाही. परंतु ती एकटीच वैरीण नाही. दारूला कधी हात न लावलेल्या माउलीलाही यकृताचा कर्करोग होतो आणि ऐन चाळिशीतल्या कमावत्या माणसालाही होतो. दुर्दैवाची गोष्ट अशी की, रोग कळतो तेव्हा बहुतेक घरांत फार उशीर झालेला असतो.

हा उशीर कमी कसा करता येईल, या प्रश्नावर जगभरचे शास्त्रज्ञ झटत आहेत. त्यांच्या हाती एक अत्यंत सूक्ष्म धागा लागला आहे. 'मायक्रोआरएनए' हे त्याचे नाव. नाव परके आहे, अवघड आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ही आपल्याच शरीरातली गोष्ट आहे. ती समजून घेतली म्हणजे आज आपल्या हातात काय आहे आणि काय अजून यायचे आहे, याचाही उलगडा होतो. म्हणून वाचकांनी हा लेख घरातल्या मंडळींना वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

न बोलणारा अवयव

यकृत म्हणजे लिव्हर. मटणाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो, तोच हा अवयव. माणसाच्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड तो असतो. वजन साधारण सव्वा ते दीड किलो. अन्नातली साखर साठवून ठेवणे, पित्त तयार करणे, रक्त गोठायला लागणारी द्रव्ये बनवणे, विषारी पदार्थ निकामी करणे, अशी शेकडो कामे यकृत रात्रंदिवस करीत असते. निरोगी यकृताचा निम्म्याहून अधिक भाग शस्त्रक्रियेने काढला तरी ते पुन्हा वाढते. शरीरात असा चिवट अवयव दुसरा नाही.

पण हा चिवटपणाच घात करतो. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत. वरचे आवरण ताणले गेले म्हणजे मगच दुखू लागते. तोपर्यंत आतमध्ये कितीही मोडतोड झाली तरी उरलेला भाग सगळे काम ओढून नेतो आणि माणूस कामावर जात राहतो. वजन उतरणे, भूक मरणे, उजव्या कुशीत दुखणे किंवा गोळा लागणे, पोटात पाणी होणे, डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसतात तेव्हा रोगाने पुष्कळ मजल मारलेली असते.

२०२२ साली जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ७ लाख ५८ हजार माणसे या रोगाने दगावली. हे दोन आकडे इतके जवळ का, याचा वाचकांनी विचार करावा. रोग लवकर कळला असता तर त्यांच्यातले अंतर पुष्कळ वाढले असते.

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आधी यकृताला वर्षानुवर्षे सूज राहते. ही सूज बहुधा 'बी' किंवा 'सी' या काविळीच्या विषाणूंमुळे असते. कधी ती दारूमुळे असते, तर कधी मधुमेह आणि लठ्ठपणातून येणाऱ्या चरबीमुळे. सुजेने यकृतात जागोजागी व्रण पडतात, व्रणांचे चट्टे होतात आणि मऊ यकृत गाठाळ, कडक बनते. याला डॉक्टर 'सिऱ्होसिस' म्हणतात. अशा यकृतात पुढे कर्करोग मूळ धरतो. 'बी' विषाणू मात्र कधी कधी सिऱ्होसिस न होताच कर्करोग घडवतो. या सगळ्या प्रवासाला वीस-तीस वर्षेही लागतात. म्हणजे जागे होण्यासाठी वेळ भरपूर असतो. जागे करणारा मात्र कोणी नसतो. मायक्रोआरएनए हा तो जागल्या होऊ शकेल काय, हा खरा प्रश्न आहे.

गिरणीतली चिठ्ठी

ज्यांच्या घरात कोणी कापडगिरणीत आयुष्य काढले आहे, त्यांना ही गोष्ट चटकन उमजेल. गिरणीच्या ऑफिसात सगळ्या कामाचा एक मोठा ग्रंथ आहे असे समजा. तो ग्रंथ ऑफिसाबाहेर जात नाही. त्यातले पाहिजे तेवढे उतरवून एक चिठ्ठी खात्यात पाठवली जाते. खात्यातले कामगार ती चिठ्ठी वाचून माल काढतात.

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत असाच कारभार चालतो. डीएनए हा मूळ ग्रंथ. त्यावरून उतरवलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठीबरहुकूम तयार होणारा माल म्हणजे प्रथिने. डोळ्याच्या पेशीत, कातडीच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत ग्रंथ एकच असतो. तरीही डोळा डोळ्याचे काम करतो आणि यकृत यकृताचे, कारण कोणत्या खात्यात कोणती चिठ्ठी चालू द्यायची आणि कोणती अडवायची, हे ठरलेले असते.

चिठ्ठ्या अडवणारा एक मुकादम म्हणजे मायक्रोआरएनए. हा अगदी तोकडा रेणू आहे. नेहमीच्या चिठ्ठीत शेकडो-हजारो अक्षरे असतात, तर याच्या अंगावर अवघी बावीसच्या आसपास. तो स्वतः कोणताही माल तयार करीत नाही. आपल्या अक्षरांशी जुळणारी चिठ्ठी दिसली की तिला जाऊन चिकटतो. मग ती चिठ्ठी वाचली जात नाही किंवा फाडून टाकली जाते. एकेक मुकादम शेकडो चिठ्ठ्यांवर नजर ठेवतो. माणसाच्या शरीरात असे हजारावर मुकादम आहेत.

आता कल्पना करा. 'पेशींनो, वाढा, दुणावत चला' अशी चिठ्ठी आली आणि ती अडवणारा मुकादमच जागेवर नसेल तर काय होईल? पेशी वाढतच सुटतील. उलट, 'आता पुरे, थांबा' ही चिठ्ठी कोणी आडदांड मुकादम फाडू लागला तर? तरीही पेशी वाढतच सुटतील. कर्करोगात या दोन्ही गोष्टी घडतात.

किड्याच्या पोटातून आलेला शोध

हा मुकादम कसा सापडला, हेही ऐकण्यासारखे आहे. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा एक किडा आहे. अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रव्हकुन हे दोन शास्त्रज्ञ त्या किड्याची वाढ कशी होते याचा अभ्यास करीत होते. अँब्रॉस यांचे वडील दुसऱ्या महायुद्धातले पोलंडचे निर्वासित. व्हरमाँट राज्यातल्या एका लहानशा गोठ्यावर, आठ भावंडांच्या घरात अँब्रॉस वाढले. १९९३ साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की, किड्याची वाढ वेळेवर होण्यासाठी एक अतितोकडा आरएनए लागतो. त्या शोधनिबंधावर पहिले नाव होते रोझालिंड ली यांचे. त्या अँब्रॉस यांच्या सहकारी आणि पत्नी. हा तोकडा रेणू चिठ्ठीला चिकटून तिला अडवतो, हे रव्हकुन यांनी त्याच वर्षी उलगडून दाखवले.

तेव्हा फारशा कोणी दखल घेतली नाही. एका क्षुद्र किड्यातली गंमत, असेच पुष्कळांना वाटले. मात्र २००० साली रव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने असा दुसरा रेणू शोधला, आणि तो किड्यापासून माणसापर्यंत अनेक प्राण्यांत जसाच्या तसा आढळला. मग सगळ्यांचे डोळे उघडले. २०२४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अँब्रॉस आणि रव्हकुन यांना मिळाले. किड्याच्या अभ्यासाला क्षुद्र समजणाऱ्यांना एकतीस वर्षांनी उत्तर मिळाले, असेच म्हटले पाहिजे.

एकशे बावीस नंबरचा मुकादम

शास्त्रज्ञांनी या रेणूंना नंबर दिले आहेत. यकृताचा खास मुकादम म्हणजे 'मिर-१२२'. यकृताच्या पेशीत जेवढे मायक्रोआरएनए असतात, त्यांत सुमारे सत्तर टक्के हा एकटाच असतो. शरीराच्या बाकीच्या भागांत तो जवळजवळ दिसत नाही. यकृतातली चरबी आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशेब सांभाळणे आणि पेशींना आपापल्या कामात ठेवणे, ही याची कामे.

हा मुकादम काढून टाकला तर काय होते? २०१२ साली अमेरिका आणि तैवान येथील दोन गटांनी उंदरांवर हा प्रयोग केला. मिर-१२२ नसलेल्या उंदरांच्या यकृतात आधी चरबी साचली, मग सूज आली, मग चट्टे पडले आणि शेवटी कर्करोगाच्या गाठी झाल्या. माणसाच्या यकृतात वीस-तीस वर्षांत जे घडते, त्याचीच ही जणू लहान आवृत्ती. पुढे बाहेरून मिर-१२२ दिल्यावर उंदरांतील गाठींची वाढ रोखली गेली. माणसांतही यकृताच्या कर्करोगाच्या अनेक गाठींत हा मुकादम घटलेला आढळतो आणि ज्यांच्यात तो फार घटतो, त्यांचा रोग अधिक जोर करतो.

दुसऱ्या बाजूला आडदांड मुकादमही आहेत. 'मिर-२१' आणि 'मिर-२२१' यांचे प्रमाण यकृताच्या कर्करोगात वाढते. पेशीची वाढ रोखून धरणाऱ्या ज्या चिठ्ठ्या असतात, नेमक्या त्याच हे दोघे दाबून टाकतात. म्हणजे राखणदार गैरहजर आणि दांडगे हजर, अशी यकृताची गत होते.

आणखी एक नवलाची गोष्ट आहे. काविळीचा 'सी' विषाणू याच मिर-१२२ चा आसरा घेतो. एरवी हा मुकादम चिठ्ठीला चिकटला की चिठ्ठी मरते. पण 'सी' विषाणूने असे काही साधले आहे की, मुकादम चिकटल्याने त्याची चिठ्ठी उलट सुरक्षित राहते. २००५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे उघडकीला आणले. यकृताच्या राखणदारालाच विषाणूने आपली ढाल बनवले होते! मग मिर-१२२ ला बांधून ठेवणारे एक औषध तयार झाले. २०१३ साली ३६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाने विषाणू घटला, म्हणजे विचार बरोबर होता. परंतु त्याच सुमारास 'सी' विषाणूवर थेट घाव घालणाऱ्या गोळ्या आल्या आणि त्या इतक्या गुणकारी ठरल्या की हे औषध मागे पडले.

रक्तात उमटणारी चाहूल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्करोग लवकर कसा कळावा?

आज डॉक्टरांच्या हाती मुख्यतः दोन साधने आहेत. पहिले सोनोग्राफी. दुसरे रक्तातल्या 'एएफपी' नावाच्या प्रथिनाची तपासणी. हे प्रथिन गर्भातल्या बाळाच्या यकृतात तयार होते, मोठेपणी ते नगण्य असते. यकृताच्या कर्करोगात ते पुन्हा वाढू शकते, हे १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी दाखवले. परंतु गाठ लहान असताना पुष्कळ रुग्णांत हे प्रथिन वाढतच नाही. म्हणजे नेमकी जेव्हा गरज, तेव्हाच ही तपासणी दगा देऊ शकते.

२००८ साली लक्षात आले की, मायक्रोआरएनए पेशीतून बाहेर पडून रक्तातही फिरतात आणि तिथे बराच काळ टिकतात. गिरणीच्या फाटकाबाहेर पडलेल्या चिठ्ठ्यांवरून आत काय गोंधळ चालला आहे हे ओळखावे, तसा हा प्रकार. चीनमध्ये 'बी' विषाणूमुळे होणारा यकृताचा कर्करोग फार. त्यामुळे तिथल्या शास्त्रज्ञांनी हे काम नेटाने हाती घेतले. २०११ साली शांघायच्या संशोधकांनी ९३४ जणांचे रक्त तपासून सात मायक्रोआरएनएंचा एक संच तयार केला. त्यात मिर-१२२ आणि मिर-२१ हे दोघेही होते. या संचाने कर्करोगाचे रुग्ण, निरोगी माणसे आणि नुसती यकृताची सूज असलेली माणसे यांच्यात बऱ्यापैकी फरक करून दाखवला.

२०१५ साली ग्वांगझौ शहरातल्या संशोधकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. 'बी' विषाणू असलेल्या लोकांचे रक्त ठरावीक काळाने घेऊन त्यांनी साठवून ठेवले होते. त्यांतल्या ज्या २७ जणांना पुढे कर्करोग निघाला, त्यांचे जुने रक्त तपासण्यात आले. निदानाच्या तीन महिने आधीच्या रक्तात मायक्रोआरएनएच्या संचाने सुमारे निम्म्या जणांत धोक्याची खूण दाखवली होती. एएफपीने चौथ्या हिश्शाहूनही कमी जणांत ती दाखवली होती.

आशा वाटावी अशीच ही बातमी आहे. पण आपण नुसती आशा बाळगणारे नाही, हिशेब मांडणारे लोक आहोत. तेव्हा दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. निम्म्या जणांत खूण दिसली याचा अर्थ निम्म्या जणांत दिसली नाही. शिवाय मिर-१२२ ची गंमत अशी की, कर्करोगाच्या गाठीत तो घटतो, पण यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात तो वाढतो. साधी कावीळ असो की औषधाची बाधा, पेशी फुटल्या की तो रक्तात सांडतो. म्हणजे त्या एकट्यावरून कर्करोग आहे की नुसती सूज, हे सांगता येत नाही. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तरी मायक्रोआरएनएचे आकडे बदलतात. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळेलच असेही नाही. बराचसा अभ्यास 'बी' विषाणूच्या रुग्णांवर झाला आहे. दारूने किंवा चरबीने बिघडलेल्या यकृतात तेच संच तसेच चालतील, असे गृहीत धरता येत नाही.

या कारणांमुळे यकृताच्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटना धोक्यातल्या रुग्णांसाठी अजून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि तिच्या जोडीला एएफपी, हाच मार्ग सांगतात. मायक्रोआरएनएची तपासणी त्यात अजून बसलेली नाही. "एका थेंबात कर्करोग ओळखतो" अशी जाहिरात करून कोणी हजारो रुपये मागू लागला, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घामाचा पैसा देऊ नका.

औषधाच्या वाटेवरची ठेच

मुकादम हरवला आहे, तर तो बाहेरून परत का देऊ नये? हा प्रश्न कोणालाही सुचेल. शास्त्रज्ञांनाही सुचला. 'मिर-३४' हा कर्करोगाला आवर घालणारा आणखी एक रेणू. त्याची नक्कल चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून रुग्णांना देण्याची चाचणी अमेरिकेत २०१३ साली सुरू झाली आणि आरंभी ती यकृताच्या कर्करोगासाठीच होती. काही रुग्णांच्या गाठी आकसल्या. पण काहींची रोगप्रतिकारशक्ती भलतीच भडकली, त्यात रुग्ण दगावले आणि २०१६ साली ती चाचणी थांबवावी लागली.

ही हकिगत आम्ही मुद्दाम सांगत आहोत. विज्ञानात असेच चालते. औषध गुणकारी आहे असे म्हणून भागत नाही, ते दाखवावे लागते. आणि ते घातक ठरले तर तसे जाहीर करून थांबावे लागते. काविळीची माळ घालणारा किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणारा असा हिशेब कधी देतो काय? माळेतल्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात म्हणून माळ लांबते. हातांना आधी झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो म्हणून चुन्याचे पाणी पिवळे होते. कावीळ उतरते ती पुष्कळदा आपोआप उतरायचीच असते म्हणून. मात्र 'बी' आणि 'सी'ची कावीळ वरून उतरली तरी विषाणू आत दबा धरून राहू शकतो, आणि रक्त तपासले नाही तर ती वीस वर्षे तशीच निघून जातात.

आज आपल्या हाती काय?

मायक्रोआरएनएची तपासणी वॉर्डातल्या दवाखान्यात येईल तेव्हा येईल. पण यकृताच्या कर्करोगाची वाट अडवण्याची पुष्कळ साधने आजच आपल्याजवळ आहेत आणि त्यांतली बरीचशी फुकट आहेत.

पहिले साधन लस. जन्माच्या वेळी आईकडून 'बी' विषाणू लागलेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्के बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो. निरोगी मोठ्या माणसाला तोच लागला तर शंभरात पाचांच्याही आत राहतो. म्हणून पहिले चोवीस तास मोलाचे. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत 'बी'ची लस आणि नंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पुढचे डोस, असा सरकारी कार्यक्रम आहे आणि तो मोफत आहे. तैवानने १९८४ साली बाळांना ही लस देण्याचा कार्यक्रम सुरू केला. दहा वर्षांत तिथल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. कर्करोगाला लसीने अडवता येते, याचा हा जगातला पहिला मोठा पुरावा. आपल्या देशभर ही लस सरकारी कार्यक्रमात २०११-१२ पर्यंत आली. म्हणजे त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांना, आपल्या तरुण मुला-मुलींनाही, ती मिळालेली नसेल. मोठेपणीही तीन डोस घेता येतात. रुग्णालयात सफाईचे काम करणाऱ्या, कचऱ्यातल्या सुया हाताळाव्या लागणाऱ्या बंधू-भगिनींनी तर ती मागून घ्यावी. तो त्यांचा हक्क आहे.

दुसरे साधन तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात 'बी' आणि सुमारे ५५ लाख लोकांच्या अंगात 'सी' विषाणू होता. यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. 'सी'वरच्या गोळ्या साधारण बारा आठवडे घेतल्या की शंभरातले पंचाण्णव रुग्ण बरे होतात. 'बी' पूर्ण जात नाही, पण रोजच्या गोळीने तो दबून राहतो आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. गरोदर भगिनींनी ही तपासणी चुकवू नये. आईच्या अंगात 'बी' निघाला तर बाळाला लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते. बाळंतपण रुग्णालयात झाले तर हे वेळेवर होते.

तिसरे साधन सहा महिन्यांची सोनोग्राफी. ज्यांना सिऱ्होसिस सांगितला आहे किंवा 'बी'मुळे धोका आहे असे डॉक्टर म्हणतात, त्यांनी बरे वाटत असले तरी ही तारीख चुकवू नये. गाठ लहान असताना सापडली तर ती कापून काढता येते, सुईने जाळता येते, काही रुग्णांत यकृत बदलता येते. एका दिवसाची मजुरी बुडते हे खरे. पण घर बुडण्यापेक्षा ती परवडते.

चौथी गोष्ट सुईची. इंजेक्शन घेताना नवी सुई समोर फोडायला सांगा. २००९ साली गुजरातेतील मोडासा येथे वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्याने 'बी' विषाणूची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. दाढीचे ब्लेड आणि गोंदवण्याची सुई हीसुद्धा प्रत्येकाची वेगळी हवी. विषाणू लैंगिक संबंधातूनही पसरतो, हे तरुणांना लाज न बाळगता सांगितले पाहिजे.

पाचवी गोष्ट ताटातली. बुरशी आलेले शेंगदाणे, मका निवडून खाण्याची काटकसर करू नका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते. धुऊन किंवा शिजवून ते जात नाही आणि 'बी' विषाणूच्या जोडीने ते यकृताच्या कर्करोगाला वाट करून देते. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन ३९७ जण आजारी पडले आणि शंभरावर जण मेले. ज्यांच्या घरी दुसरे धान्यच नव्हते, त्यांच्यावर ही पाळी आली. रेशनवर बुरशीचे धान्य मिळाले तर ते मुकाट्याने घरी नेऊ नका, परत करा, तक्रार करा. दारूबद्दल वेगळे काय सांगावे? यकृतात विषाणू असेल तर दारू म्हणजे आगीत तेल.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. 'बी' आणि 'सी' विषाणू रक्तातून पसरतात. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, जवळ बसल्याने, गळाभेट घेतल्याने ते पसरत नाहीत. तरीही रिपोर्ट आला की सुनेचा पेला वेगळा होतो, भाड्याच्या खोलीतून माणसाला बाहेर काढले जाते, कामावरून कमी केले जाते. वेगळ्या पेल्याचे दुःख काय असते, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही. निदान आपल्या घरात तरी ते कोणाच्या वाट्याला येऊ नये. बाकी घरच्यांनी आपली तपासणी करून घ्यावी, लस घ्यावी आणि नेहमीप्रमाणे एकत्र जेवायला बसावे.

या आठवड्यात एवढे करा. घरातल्या लहान मुलांची लसीकरणाची कार्डे पेटीतून काढा आणि 'हिपॅटायटिस बी' या ओळीपुढे जन्माच्या डोसाची तारीख आहे की नाही ते पाहा. नसेल तर कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि आता काय करायचे ते विचारा. मोठ्यांपैकी ज्यांना पूर्वी कधी रक्त चढवले आहे, वरचेवर इंजेक्शने घ्यावी लागली आहेत, किंवा ज्यांच्या घरात कोणी लिव्हरच्या आजाराने गेले आहे, त्यांनी 'बी' आणि 'सी' या दोन तपासण्या करून घ्याव्यात.